भिंतीवरचे त्रेसष्ट महिने

वसईजवळच्या आमच्या गिरीजच्या घराच्या मागच्या दाराशी, आतल्या बाजूला, हातभर रुंदीची एक भिंत होती आणि तिच्यावर गेरूने आकडे लिहिलेले असायचे. नवख्या माणसाला वाटायचं, घरातल्या पोरांनी गणितं मांडली आहेत. ते फवारणीचे दिवस होते. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, वाडीत वांगी, तोंडली, वाल आणि कडेकडेने केळी करायचे. औषध मारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही हे बाटलीसोबतच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असे. तो कागद वाचायचं काम चौथीपासून माझ्याकडे होतं. मी वाचून दिवस सांगायचे आणि भिंतीवर मांडायचे: तोंडली सात, वांगी दहा. रोज सकाळी दात घासता घासता एकेक कमी करायचे. शून्य झाल्याशिवाय त्या वाफ्यात कोणी हात घालायचं नाही, मग दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी. शेजारचे लोक भाऊंना हसायचे, की हा पोरीला विचारून वांगं तोडतो. भाऊ म्हणायचे, पोरगी वाचते, मी वाचत नाही, मग विचारणार कोणाला? त्या भिंतीवर मी किती आकडे लिहिले याचा हिशेब नाही. त्यातला एक चुकला, आणि तोच सगळ्यात मोठा होता.

घरात आम्ही पाच जण. भाऊ, आई, मी, माझा चार वर्षांचा भाऊ नितू, आणि वसूकाकी. काकी म्हणजे भाऊंच्या धाकट्या भावाची बायको. काका लग्नानंतर तीन वर्षांतच गेले, मूलबाळ नव्हतं, आणि माहेरी परत जायचं तिने मनावर घेतलं नाही. ती स्वयंपाकघरात कमी आणि वाडीत जास्त असायची. पहाटे बावखलाजवळचा पंप सुरू झाला की त्या ठकठक आवाजामागोमाग तिचा खोकला ऐकू यायचा, मग केळीच्या सोपांची, म्हणजे खोडावरच्या सुक्या सालींची, सळसळ, मग पाटात पाणी वळल्याचा आवाज. बावखल म्हणजे वाडी शिंपण्यासाठी खणलेलं तळं. आज तिकडे इमारत उभी आहे. मी काकीजवळ झोपायचे. तिच्या अंगाला धुराचा आणि पिकल्या केळ्याचा वास असे. आमच्या घरात बोलायची बोली वेगळी होती. इथे ती जशीच्या तशी उतरवली तर वाचणाऱ्याला अडखळायला होईल, म्हणून काकीच्या तोंडची थोडीच ठेवली आहे. ती पाण्याला पानी म्हणायची, ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणायची आणि मला ‘शैले’ अशी हाक मारायची, शेवटचा स्वर जरा लांबवून.

काकीची खरी ओळख म्हणजे सुकेळी. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून करतात ती. संक्रांत झाली की अंगणात कमरेइतक्या उंचीचा बांबूचा मांडव घातला जायचा, त्यावर पेंढा, आणि पेंढ्यावर सोललेली केळी एकेक अंतर राखून. आठवडाभर रोज सकाळी पसरायची, दुपारी उलटायची, संध्याकाळी गोळा करून धोतराच्या जुन्या कापडात घट्ट गुंडाळून ठेवायची. कापडात रात्रभर त्यांना स्वतःचा मध सुटतो. सगळं हातावर असतं. केळं दाबून बघायचं, आत ओल किती राहिली ते बोटाला कळतं. काकी डोळे मिटून दाबायची आणि म्हणायची, हे आज, हे परवा. शेवटी केळीच्या सुक्या पानात बांधून वर सोपाच्या दोरीची गाठ मारायची. ती गाठ तिची तिलाच यायची, एका टोकाने ओढली की सुटणारी. आईने केलेल्या सुकेळ्यांना कधी आंबूस वास यायचा, कधी बुरशी धरायची. काकीच्या हातचं एकही वाया गेलेलं मला आठवत नाही.

मी शाळेच्या वरच्या वर्गात होते, त्या वर्षी दिवाळीनंतर काकीचं ऑपरेशन झालं. उजव्या बाजूची छाती काढली. रोगाचं नाव आमच्या घरात घेतलं जात नव्हतं, ‘गाठ’ एवढंच म्हणायचे. जखम भरल्यावर मुंबईच्या हॉस्पिटलात पाच आठवडे शेक घ्यायचा ठरला. तेव्हा सगळे त्याला शेक म्हणत, किंवा लाइट म्हणत: अमक्याला लाइट दिली, तमकीच्या पंधरा लाइट झाल्या. काकी तिच्या भावाकडे परळला राहिली. नाताळच्या सुट्टीत मी एकदा हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा तिला आत घेतलं होतं. मी बाकावर बसले. समोर जाड दरवाजा, आणि त्यावर पिवळ्या पाटीवर तीन पात्यांच्या पंख्यासारखं चिन्ह. ते चिन्ह मी ओळखलं. ते आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं, खाली जाड टाइपात एक शब्द होता: किरणोत्सर्गी. दरवाजा उघडला आणि त्या चिन्हाखालून काकी बाहेर आली. गळ्याशी, पदराच्या काठापाशी, जांभळ्या शाईच्या रेघा दिसत होत्या. त्या रेघा पुसायच्या नाहीत, तिथे पाणी लावायचं नाही, असं तिला सांगितलं होतं. कातडी काळपट तपकिरी झाली होती. तिने माझी नजर बघितली आणि हसली. म्हणाली, “मनाच सुकेळं केलं बघ.”

मी हसले नाही. मी तिच्यापासून एक पाऊल मागे सरकले. ते तिला दिसलं की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि ते पाऊल कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणत्या पुस्तकातलंही नव्हतं.

त्या सुमारास दूरच्या एका देशात अणुभट्टीचा अपघात होऊन गेला होता. तिकडच्या गवतात किरण उतरले, गवतातून गाईत, गाईतून दुधात, असं मराठी वर्तमानपत्रांतही छापून येत होतं. मी ते सगळं वाचलं होतं. व्याख्याही पाठ होती: ज्या मूलद्रव्याच्या अणुकेंद्रकातून आपोआप प्रारणांचे उत्सर्जन होते, त्यास किरणोत्सर्गी मूलद्रव्य म्हणतात. चाचणीत या व्याख्येला मला पूर्ण गुण होते. काकीच्या केसपेपरवर ‘कोबाल्ट’ हा शब्द मी वाचला होता. शाळा उघडल्यावर मी विज्ञानाच्या सरांना विचारलं, कोबाल्ट निम्मा व्हायला किती काळ लागतो. त्यांनी कपाटातलं जाड पुस्तक काढून आनंदाने सांगितलं, सव्वापाच वर्षं. कशासाठी हवंय हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मी महिने काढले: त्रेसष्ट.

काकी यायच्या आदल्या संध्याकाळी आई उकडहंडी करत होती. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, सगळं एका मडक्यात शिजत होतं आणि घरभर ओव्याचा वास होता. भाऊंनी मला विचारलं, बाय, त्या शेकाचं काय असतं, काही पथ्य असतं का. डॉक्टरांना विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही. घरात वाचणारी होती ना. मी पुस्तक आणून चिन्ह दाखवलं. सांगितलं की काकीच्या अंगात गेलेले किरण आता तिच्यातून बाहेर पडत राहणार, दिसणार नाहीत, कळणार नाहीत, आणि त्रेसष्ट महिन्यांनी निम्मे होतील. निम्मेच, हे मी दोनदा सांगितलं, कारण आकड्यात चूक नको. भाऊंनी मडक्याखालचा जाळ सारखा केला. मग म्हणाले, “म्हंजे फवारनीसारखंच. निम्म्याला शून्य धरू.” एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. आमच्या घरात औषध आणि माणूस यांच्यासाठी एकच नियम होता, आणि तो नियम आम्हाला कोणत्याच अंगाने क्रूर वाटला नाही. उलट भाजीला जी काळजी तीच माणसाला, असं वाटलं.

मी भिंतीवर लिहिलं. वांगी दहा, तोंडली सात, काकी त्रेसष्ट. घरातली ताटं सगळी सारखी होती, स्टीलची, एका लग्नात आहेरात आलेली. त्यातलं एक घेऊन मी काठावर खिळ्याने फुली मारली, म्हणजे घासल्यावर अदलाबदल व्हायला नको.

दादरला भाजी उतरवून परतणाऱ्या टेम्पोतून काकी आली. तिचं अंथरूण पुढच्या पडवीत घातलं होतं. नितू धावत गेला तर आईने त्याला मधेच उचललं. काकीने इकडेतिकडे बघितलं, मागच्या दाराशी पाय धुवायला गेली आणि भिंतीसमोर थांबली. ती दुसरीपर्यंत शिकलेली, आकडे आणि आमची नावं तिला वाचता यायची. जेवताना पुढ्यात आलेल्या ताटाच्या काठावरून तिने अंगठा फिरवला, फुलीवर थांबवला, आणि जेवायला लागली. त्या रात्री मी आईजवळ झोपले.

मग सुकेळ्यांचा हंगाम आला. केळ्यांना हात लावायचा नाही असं काकीला कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं, पण मांडव घातला तेव्हा आई आणि मी पुढे झालो आणि ती आपसूक मागे राहिली. न्हाणीच्या दगडावर बसून ती लांबून सांगायची: ते उलट, ते अजून कच्चं हाय, पेंढा ओला लागतोय बघ. बघून तिला कळत नव्हतं, बोटाला कळायचं, आणि आमच्या बोटांना अक्कल नव्हती. पहिल्या घाण्याला बुरशी आली. दुसरा घाणा बरा जमत होता. पाचव्या दिवशी दुपारी आई, भाऊ, नितू आणि मी पलीकडच्या वाडीत एका बारशाला गेलो होतो. तिथे जेवायला बसलो आणि वारं सुटलं, आभाळ भरून आलं, चार टपोरे थेंब पडून गेले. आम्ही पळत घरी आलो तर मांडव रिकामा. केळी सगळी पडवीत, कापडात, नीट गुंडाळलेली. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून काकीने डाव्या हाताने एकेक करून उचलली होती. चेहऱ्यावर घाम होता आणि बऱ्याच दिवसांनी ती समाधानी दिसत होती. म्हणाली, “एक पन नाय भिजलं.”

आईने भाऊंकडे बघितलं. भाऊंनी माझ्याकडे. ते म्हणाले, “बाय, काय करायचं गं?”

काकीही माझ्याकडे बघत होती. मला विचार करायला वेळ मिळाला होता, हे मी लपवत नाही. पळत आल्यामुळे दम लागला होता, तो खाली बसेपर्यंतचा वेळ. मी म्हणाले, “टाकायला हवीत.”

भाऊंनी ती केळी पाटीत भरून बावखलाकडच्या खताच्या खड्ड्यात टाकली आणि वर माती ओढली. काकी न्हाणीच्या दगडावर जाऊन बसली होती. फावड्याचा आवाज थांबेपर्यंत बसून राहिली. त्या दिवसापासून तिने लांबून सांगणंही बंद केलं.

मी गेली पंचवीसहून जास्त वर्षं वसईच्या एका औषध कारखान्यात तपासणीचं काम करते, आणि कागदावर आकडा उतरवण्यापूर्वी दोनदा बघायची मला सवय आहे. पुढे शिकताना मला कळलं की केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातला अगदी किंचित भाग स्वतःच किरणोत्सर्गी असतो. आपोआप किरण टाकणारा, व्याख्येतल्यासारखा. त्याने कोणाला काही होत नाही. तसाच तो आपल्या सगळ्यांच्या अंगातही असतो. म्हणजे त्या दुपारी पडवीत किरण टाकणारं जे काही होतं ते त्या केळ्यांत होतं, भाऊंत, आईत, माझ्यात होतं आणि काकीतही होतं, सारखंच. त्या हिशेबाने मातीत काहीच पुरायची गरज नव्हती. हे वाचलं तेव्हा मी प्रयोगशाळेतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले होते.

मार्चमध्ये काकीला तपासणीला बोलावलं होतं. आई जाणार होती, ऐनवेळी नितूला ताप आहे म्हणाली. नितूला ताप नव्हता. तेवढा वेळ काकीला चिकटून बसायची तिला भीती वाटत होती आणि त्यासाठी मी तिला दोष देऊ शकत नव्हते. मी गेले. जाताना गाडीत मी आमच्या दोघींच्या मध्ये पिशवी ठेवली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी बघितलं, जखम छान आहे म्हणाले. बाहेर आलो तर शेकाचं यंत्र चालवणारे गृहस्थ चहाचा ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी काकीला ओळखलं, हात कितपत वर जातो विचारलं आणि तिचा दंड धरून हळूच वर उचलून बघितला. उघड्या हाताने. मला ते बघवलं नाही. मी विचारलं, तुम्हाला भीती नाही का वाटत.

“कसली?”

मी सांगितलं. व्याख्या म्हणून दाखवली, त्रेसष्ट महिने सांगितले. त्यांनी ग्लास खाली ठेवला. हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

“व्याख्या बरोबर आहे,” ते म्हणाले. “आकडाही बरोबर आहे. पण कोबाल्टचा. तो त्या यंत्राच्या पोटात शिशाआड बंद आहे, त्याच्यातून आपोआप किरण निघतात, म्हणून तो किरणोत्सर्गी. तो यांच्या अंगात गेलेला नाही. फक्त किरण पडले, दोन-तीन मिनिटं. झाकण बंद केलं की संपलं. उन्हातून घरात आल्यावर तुझ्या अंगातून ऊन निघतं का?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“काहींना किरणोत्सर्गी औषध पोटात देतात, त्यांना काही दिवस लांब ठेवावं लागतं. यांना तसलं काही दिलेलं नाही. रोज इतक्या लोकांना मी या हातांनी टेबलावर निजवतो. तसं असतं तर मला आधी घराबाहेर काढायला हवं.” मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, “यांना घरात वेगळं ठेवलंय का?”

काकी म्हणाली, “नाय हो. घरात सगळं नीट हाय. पोर हुशार हाय, विचारते.”

परतताना ती खिडकीशी बसली. मी मघासारखीच पिशवी मध्ये ठेवली होती, सवयीने. बोरिवली गेल्यावर ती म्हणाली, “पिशवी तिकडे घे. मना टेकायला जागा नाय.” मी पिशवी घेतली. ती माझ्या खांद्याला टेकली आणि वसई येईपर्यंत झोपली. मी रडत होते, पण हलले नाही.

घरी आल्या आल्या मी सगळं सांगितलं. माझी चूक झाली, काकीतून काहीही निघत नाही, कधीच निघत नव्हतं. भाऊ म्हणाले, “म्हंजे ती केळी…” आणि उठून वाडीत गेले. आई म्हणाली, बरं झालं बाई. पण संध्याकाळी तिने फुलीचं ताट वेगळंच घासलं. मी पुन्हा समजावलं तेव्हा म्हणाली, एवढं मोठं यंत्र, एवढा जाड दरवाजा, थोडं तरी राहतच असेल. आकडा मी एका संध्याकाळी घरात आणला होता आणि सगळ्यांनी तो लगेच मानला होता. बाहेर काढायला गेले तर कोणी ऐकेना. मी ओलं फडकं घेऊन भिंतीकडे गेले. एक महिना कमी करून तिथे तेव्हा बासष्ट लिहिलेलं होतं. काकीने मागून माझा हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “डॉक्टर पन पाच वर्साचंच बोलले. पाच वर्सं काढली तर जगले समजायचं. बघू, किती निघतात.”

पुढच्या महिन्यात आकडा एकसष्ट झाला. मी केला नव्हता. गेरूची अक्षरं वाकडी होती, डाव्या हाताची. दर महिन्याला ती स्वतः एक कमी करायची. माझं अंथरूण मी पुन्हा पडवीत नेलं, तिने सरकून जागा दिली. पुढल्या वर्षी ती मांडवावर परत आली आणि कोणी काही बोललं नाही, कारण बुरशीला सगळेच कंटाळले होते. पण ताट तिने सोडलं नाही. मी कितीदा बदललं, ती शोधून तेच घ्यायची. मला वाटायचं, ती मला शिक्षा करते आहे. मला ती हवीही होती, म्हणून मी विचारलं नाही.

भाऊंनी मात्र फवारणीचे दिवस मला विचारणं बंद केलं. ते कागद शेजारच्याकडून वाचून घ्यायचे आणि आकडे स्वतः भिंतीवर मांडायचे. ते योग्यच होतं.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा संपवून एके दुपारी घरी आले तर मागच्या दाराशी भिंतीवर ओला डाग होता, तळहाताएवढा. वांगी, तोंडली जागच्या जागी होती. मी महिने मोजले आणि मग लक्षात आलं की तो महिना मी विसरले होते. जिने आकडा काढला तीच विसरली होती.

काकी अंगणात सुकेळ्यांना गाठी मारत होती. मी तिच्याजवळ बसले आणि पाच वर्षांपूर्वी विचारायचं ते तेव्हा विचारलं: खोटं आहे हे माहीत असून ताट वेगळं का ठेवलंस.

“तुझ्या आईसाठी,” ती म्हणाली. “फुलीचं ताट माझ्यापुढे दिसलं की ती नीट जेवायची. नायतर सगळं जेवन तिचं लक्ष कोनतं ताट कोनाकडे गेलं तिकडे.” तिने दोरी दातांनी तोडली. “पाच वर्सांनी निम्मं होतं, तूच बोललेलीस ना? आता निम्मीच घाबरेल.”

त्या दिवशी तिने आपलं ताट घासून बाकीच्या ताटांत रचून ठेवलं, मधोमध. रात्री आईने वाढायला ताटं मांडली. ते माझ्या पुढ्यात आलं. आईची नजर त्या फुलीवर गेली, तिचा हात पातेल्यावर जरा थांबला, आणि मग तिने मला भात वाढला.

काकी त्यानंतर सोळा वर्षं जगली. ते ताट आता माझ्याकडे आहे, विरारच्या घरात, बाकीच्या ताटांत. ज्याच्या वाट्याला यायचं त्याच्या वाट्याला येतं, मी निवडून देत नाही. माझ्या पुढ्यात आलं की काठावरची माझी खिळ्याची फुली अजून अंगठ्याला लागते.